शड्डू ठोकण्याआधी : मुंबईत ज्युदो, कराटे, कुस्ती शिकायला निघालेल्या नवख्यांसाठी

दर जूनमध्ये आमच्या ज्युदोच्या क्लासला दहा-बारा नवे चेहरे येतात. दिवाळीपर्यंत त्यातले दोन-तीन उरतात. गेलेल्यांपैकी ताकद कमी पडली म्हणून गेलेला मला तरी आठवत नाही. काही जण दुखापत होऊन जातात. काहींना आपल्याहून हलक्या माणसाने चार वेळा आपटलेलं असतं आणि पाचव्यांदा यायची लाज वाटते. दोन्हीच्या मुळाशी एकच हट्ट असतो, आपण कडक दिसलं पाहिजे हा.

मीही तोच हट्ट घेऊन वयाच्या २९व्या वर्षी मॅटवर उतरलो होतो. त्याला आता नऊ वर्षं झाली. या काळात त्या हट्टापायी माझा एक कोपर गेला आणि दुसऱ्या एका माणसाचा खांदा. कोपर बरा झाला. खांद्याची आठवण अजून टोचते. नव्या माणसाला जे कुणी धड सांगत नाही ते इथे क्रमाने लिहितोय. अनुभव ज्युदोचा आहे, पण कराटेवाले आणि तालमीत जाणारे मित्र भेटले की गोष्टी त्याच निघतात.

१. कशासाठी जाताय, ते आधी कागदावर लिहा

व्यायाम, स्वसंरक्षण, स्पर्धा, किंवा नुसती आवड, कारण कुठलंही चालेल. पण लिहिताना 'लोकांनी आपल्याला घाबरावं' हे कारण मनात डोकावलं तर तेही लिहा. लपवू नका. माझं खरं कारण तेच होतं. ऑफिसात एकदा सगळ्यांसमोर कुणीतरी माझी कॉलर धरली होती आणि मी गप्प उभा राहिलो होतो. ते शल्य घेऊन मी आलो, हे मला स्वतःशी कबूल करायला दोन वर्षं लागली. तुमची दोन वर्षं वाचावीत म्हणून ही पहिली पायरी.

एक गोष्ट सांगतो. ज्युदोचे जनक जिगोरो कानो लहानखुऱ्या चणीचे होते आणि शाळेत दांडगी मुलं त्यांना छळायची, म्हणूनच ते जुजुत्सू ही जुनी जपानी झुंजकला शिकायला गेले. १८८२ साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात अवघ्या १२ ताटामींच्या, म्हणजे जपानी चटयांच्या, जागेत त्यांनी कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली. अपमानातून सुरुवात होण्यात कमीपणा नाही. पुढे त्याचं काय करायचं हे मात्र शिकावं लागतं. कानोंनी आपल्या कलेला दोन तत्त्वं दिली, शक्तीचा उत्तम वापर आणि आपण व दुसरा मिळून दोघांची भरभराट. दुसऱ्या तत्त्वाकडे नवखा माणूस बघतच नाही.

२. जिथे रोज हरायला मिळतं, ती कला निवडा

मुंबईत सगळं मिळतं. कराटे आणि तायक्वांदोचे वर्ग जवळजवळ प्रत्येक उपनगरात शाळांच्या सभागृहांत, सोसायट्यांच्या हॉलमध्ये चालतात. ज्युदोचे त्या मानाने कमी, कारण मॅट कायमची अंथरून ठेवायला या शहरात जागा कुठून आणायची? बॉक्सिंग, मुए थाय, ब्राझिलियन जुजुत्सू यांचेही वर्ग आहेत. गिरणगावात घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी तालमी जोपासल्या. गिरण्या गेल्या, टॉवर आले, तरी काही व्यायामशाळा अजून तग धरून आहेत.

यातलं काय घ्यावं? माझी कसोटी एकच. समोरचा माणूस खरोखर विरोध करतोय अशा स्थितीत तुमचा सराव होतो का? ज्युदोत त्याला रांदोरी म्हणतात, आखाड्यात लढत, कराटेत कुमिते. नुसते हवेत हात फिरवून घेणाऱ्या वर्गात माणसाला स्वतःबद्दल भलतेच गैरसमज होतात, कारण हवा कधी परत मारत नाही. समोर जिवंत माणूस आला की दहा मिनिटांत आपली जागा कळते आणि ती कळली की शिकणं सुरू होतं.

घरापासूनचं अंतर बघा. अर्ध्या तासापेक्षा जास्त प्रवास असेल तर पावसाळ्यात तुमचा क्लास सुटणार, हे लिहून ठेवा.

३. पैसे भरण्याआधी तीन क्लास नुसते बसून बघा

लोक इथेच घाई करतात. भिंतीवरचे चषक, फ्लेक्सवर हाताची घडी घालून उभे असलेले प्रशिक्षक, इन्स्टाग्रामवरची विटा फोडण्याची चित्रफीत, एवढं बघून तीन महिन्यांची फी भरून मोकळे होतात. तसं करू नका. कोपऱ्यात बसा आणि या गोष्टी बघा.

वर्गातला सगळ्यात कच्चा विद्यार्थी कोण ते आधी शोधा आणि तासभर त्याच्यावर नजर ठेवा. त्याला कोण जोडीला घेतं? त्याचं चुकलं की काय होतं? चांगल्या वर्गात सीनियर स्वतः त्याच्याकडे जातो, हळू करून दाखवतो, त्याला स्वतःवर डाव लावू देतो. वाईट वर्गात त्या विद्यार्थ्यावर सगळे हात साफ करून घेतात.

मग प्रशिक्षकाकडे बघा. त्याला एखादी गोष्ट येत नसेल तर तसं म्हणतो का? आमचे सर ऐंशीच्या दशकापासून ज्युदो करतायत. जमिनीवरच्या एका डावाबद्दल मी विचारलं तर म्हणाले, 'मला हा नीट येत नाही, अमुक मुलाला विचार.' तो मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि सर त्याच्या शेजारी बसून बघत होते. त्या दिवशी मला खात्री पटली की मी योग्य जागी आलोय.

क्लास संपल्यावर मॅट कोण पुसतं तेही बघा. आमच्याकडे ब्लॅक बेल्टवाले पुसतात.

सावध करणाऱ्या खुणा :

- 'सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट' किंवा पट्ट्याची कुठलीही हमी.
- दर दोन-तीन महिन्यांनी ग्रेडिंग, म्हणजे पुढच्या पट्ट्याची परीक्षा, आणि दर वेळी वेगळी फी. परीक्षेला बसाल तेव्हाच नव्हे, आत्ताच विचारून घ्या : महिन्याची फी किती, ग्रेडिंगची किती, ड्रेस त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो का.
- प्रशिक्षक स्वतःच्या मारामाऱ्यांचे किस्से सांगतो आणि मुलं टाळ्या वाजवतात.
- हात न लावता माणूस पाडून दाखवणारे. तिथून सरळ उठून या.
- दुखतंय म्हणणाऱ्याला 'बायकांसारखं काय रडतोस' असं म्हणणारी जागा. मुलींनीही अशी जागा टाळावी आणि मुलांनीही. असं बोलणं चालतं तिथे दुखापत लपवली जाते.
- पालकांना किंवा पाहुण्यांना क्लास बघू न देणं.

शेवटच्या खुणेवर तडजोड नको. लहान मुलं शिकतात तिथे दार उघडंच असलं पाहिजे.

४. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रांचा फार बाऊ नसतो. आधार कार्डाची प्रत, दोन-तीन पासपोर्ट आकाराचे फोटो, बहुतेक ठिकाणी डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, अठराखालच्यांसाठी पालकांची सही. मुलं स्पर्धेला उतरणार असतील तर जन्मदाखला लागतोच, कारण गट वयावर ठरतात. रक्तगट आणि घरच्या दोन माणसांचे नंबर फॉर्मवर नीट लिहा. डॉक्टरांपासून जुनी दुखापत लपवू नका आणि तीच गोष्ट प्रशिक्षकालाही सांगा. पाठीत गॅप आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दमा आहे, हे सांगायला लोकांना संकोच वाटतो. माझ्याबरोबर आलेल्या एकाने गुडघ्याचं सांगितलं नाही आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला क्लास सोडावा लागला.

सामान :

- पहिला महिना ट्रॅक पँट आणि जाड टी-शर्टवर काढा. चेन आणि बटणं नसलेले कपडे हवेत.
- टिकणार याची खात्री झाली की साधा पांढरा ड्रेस. ज्युदोचा ड्रेस कराटेच्या ड्रेसपेक्षा जाड असतो, दुकानात गल्लत करतात.
- लंगोट किंवा सपोर्टर, तोंडातला गार्ड (ठोसे-लाथांच्या कलांसाठी), नेलकटर, टॉवेल, चपला, पाण्याची बाटली.
- चिकटपट्टी, बोटांना बांधायला.

कवटीची चित्रं छापलेले काळे ड्रेस आणि महागडे रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारे टी-शर्ट) पहिल्या महिन्यात घेऊ नका. वेशभूषा आधी झाली की माणूस त्या वेशाला जागायला बघतो. मग हरणं जड जातं.

५. पहिला दिवस : दारापासून सुरुवात

वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचा. नखं कापलेली हवीत, हातापायांची, दोन्ही. अंगठी, कडं, गळ्यातली चेन, कानातलं काढून ठेवा. लाल दोऱ्यावरून आमच्याकडे एकदा वाद झाला होता, पण त्यात बोट अडकून मोडतं म्हटल्यावर त्या मुलाने स्वतःच दोरा सोडून देव्हाऱ्यात ठेवला.

मॅटवर चढताना वाकून नमस्कार करतात, जोडीदाराबरोबर सुरू करताना आणि संपवताना पुन्हा करतात. नव्यांना हे परकं वाटतं, काहींना धर्माचं काही असेल अशी शंका येते. तसं काही नाही. तालमीत पैलवान हौद्यात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावतो, तीच ही भावना. शोतोकान कराटेच्या गिचिन फुनाकोशींनी शिष्यांसाठी वीस सूत्रं घालून दिली. त्यातलं पहिलं सांगतं की कराटेची सुरुवात आणि शेवट नमस्काराने होतो. दुसरं सांगतं, कराटेत पहिला वार नसतो.

नमस्कार उरकू नका. वाकताना समोरच्याकडे नीट लक्ष द्या. पुढची पाच मिनिटं तुम्ही एकमेकांची मान, मनगट आणि पाठ एकमेकांच्या हातात देणार आहात.

नवीन आलेल्यांनी टाळायचं आणखी एक म्हणजे खुन्नस. उभं राहताना छाती काढून, जबडा आवळून समोरच्याकडे रोखून बघायची सवय असते. त्याने खांदे वर चढतात, श्वास अडकतो आणि ताठ झालेल्या माणसाला उचलायला सर्वांत सोपं जातं. सर माझ्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून ते खाली दाबायचे, कितीतरी महिने.

६. पडायला शिका

पहिले चार-सहा आठवडे ज्युदोत पडणंच शिकवतात. जपानी शब्द उकेमी, आमच्याकडे सगळे ब्रेकफॉल म्हणतात. लोकांना याचाच कंटाळा येतो. 'सर, डाव कधी शिकवणार?' हा प्रश्न मी दुसऱ्या दिवशीच विचारला होता.

कसं करायचं ते सांगतो, पण हे प्रशिक्षकासमोरच करा. पाठीवर पडताना हनुवटी छातीला लावायची, नजर पट्ट्याच्या गाठीवर. म्हणजे डोकं मागे आपटत नाही. हात शरीरापासून थोडे लांब, अर्ध्या काटकोनात, तळवे खाली, आणि पाठ टेकते त्याच क्षणी पूर्ण हाताने मॅटवर थाप. श्वास सोडत पडायचं. हात मागे टेकवून स्वतःला सावरायला जाऊ नका, मनगट आणि कोपर तिथेच मोडतात. पडताना वाचायची धडपड जितकी जास्त, तितकी इजा जास्त. फेकलं जाणं टळणार नाही हे कळलं की स्वतःहून जायचं.

हे शरीराला पटायला वेळ लागतो. आमच्या वर्गात पावणेसहा फूट उंचीचे, जिममध्ये दोनशे किलो उचलणारे गडी अडतात, आणि बारा वर्षांची मुलगी पहिल्याच आठवड्यात सुंदर पडते. तिला पडण्यात काही गमवायचं नसतं. उन्हाळ्यात दोन वेळा सपाट रस्त्यावर घसरून पडलो तेव्हा हनुवटी आपोआप छातीला लागली होती. नऊ वर्षांत एवढा एकच भाग मी वर्गाबाहेर वापरलाय.

डोक्याला मार लागला तर त्या दिवशी सराव बंद. उलटी, चक्कर, गोंधळ, सतत डोकेदुखी, झापड, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर. 'मी ठीक आहे' असं मार बसलेल्या माणसाने म्हटलेलं अशा वेळी धरायचं नसतं.

७. वेळेवर टॅप करा

हाताला कुलूप लागलं (म्हणजे समोरच्याने सांधा ताणून अडकवला) किंवा गळा आवळला गेला की समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थापटायचं. हात अडकले असतील तर पायाने. नाहीतर तोंडाने 'मैत्ता' म्हणायचं, म्हणजे हरलो. आपल्याकडे 'बस' म्हटलं तरी कळतं. समोरचा त्याच क्षणी सोडतो. पूर्ण सुरक्षितता या एका सवयीवर उभी आहे.

माझा कोपर याच ठिकाणी गेला. समोर माझ्याहून पंधरा किलो हलका कॉलेजचा मुलगा होता. त्याने हात मांड्यांत घेऊन सरळ केला आणि थांबला, मला वेळ देत. मी टॅप केलं नाही. त्याने दुसऱ्यांदा विचारलं, 'दादा, सोडू?' मी मान हलवून नाही म्हटलं आणि सुटायला अंग वळवलं. मग कोपराच्या आत काहीतरी सरकलं. अस्थिबंधाला इजा, दीड महिना पट्टी, आणि चहाचा कप डाव्या हाताने. त्या मुलाने ज्युदो सोडायचं मनावर घेतलं होतं, कारण त्याला वाटलं चूक त्याची. त्याच्या घरी जाऊन मला त्याच्या आईसमोर सांगावं लागलं की चूक माझी होती.

सांधा दुखायला लागण्याआधी टॅप करा. हात सरळ होतोय असं कळलं की बस. रोज वीस वेळा करा. पहिल्या वर्षी मी वहीत लिहून ठेवायला हवं होतं की आज किती वेळा आणि कशामुळे टॅप केलं. आता नव्यांना तेच लिहायला लावतो.

८. जोडीदाराचं शरीर तुमच्या ताब्यात असतं

आमच्याकडे एक दादा यायचे, पंचेचाळिशीचे. भांडुप स्टेशनजवळ त्यांचं झेरॉक्सचं दुकान. अंगाने किरकोळ, स्वभावाने अतिशय शांत. माझा पट्टा तेव्हा नुकताच हिरवा झाला होता. एका शनिवारी क्लास बघायला दोन पाहुणे आले होते. सरांनी हळू फेकायचं असं स्पष्ट सांगितलं होतं. मला पाहुण्यांसमोर उठून दिसायचं होतं.

खांद्यावरून फेकण्याचा डाव होता. फेकणाऱ्याने शेवटच्या क्षणी समोरच्याची बाही वर ओढून धरायची असते, म्हणजे तो पाठीवर सपाट पडतो. मी पूर्ण जोराने घेतलं, बाही सोडली आणि वरून अंगही टाकलं. दादा डाव्या खांद्याच्या टोकावर पडले. ओरडले नाहीत. उठून बसले आणि उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला, भरलेलं भांडं ठेवावं तसा, हळू.

सर मला एक शब्दही बोलले नाहीत. हॉस्पिटलातून परत येताना रिक्षात एवढंच म्हणाले, 'त्याच्या दुकानाचं शटर आता कोण उचलणार? उद्यापासून तू उघडायचंस.'

मी कांजूरमार्गला राहतो. सहा आठवडे रोज सकाळी पावणेआठला मी भांडुपला उतरत होतो. शटर जुनं होतं, डावीकडून अडकायचं, पट्टीत तेल सोडून मग दोन्ही हातांनी एका दमात वर न्यायला लागायचं. मशीनवरचं प्लास्टिक काढायचं, ट्रेमध्ये कागद भरायचा, पुढच्या दोन पायऱ्या झाडायच्या. दादा हात झोळीत घालून स्टुलावर बसायचे आणि माझ्यासाठी कटिंग मागवायचे. पहिले चार दिवस मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्यांनी विचारलं, 'त्या दिवशी पाहुण्यांना काय दाखवायचं होतं तुला?' मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

नव्या माणसाने हे नियम पहिल्या दिवसापासून पाळावेत :

१) सुरू करण्याआधी विचारा, 'कुठे दुखतंय का?' आणि उत्तर लक्षात ठेवा.
२) समोरचा हलका, वयाने मोठा किंवा नवा असेल तर ताकद त्याच्या मापाची.
३) फेकल्यावर बाही सोडायची नाही. तो पडेपर्यंत जबाबदारी तुमची.
४) कुणी बघतंय म्हणून वेग वाढतोय असं जाणवलं की थांबा, पाणी प्या.
५) इजा झाली तर नुसतं 'सॉरी' पुरत नाही. डॉक्टरांकडे बरोबर जा आणि त्याचं रोजचं कुठलं काम अडणार आहे ते विचारा.

९. पट्ट्याचं वजन

कोदोकानमध्ये काळा पट्टा १८८६च्या सुमारास आला. रंगीत पट्ट्यांची लांबलचक शिडी पुढे युरोपात रुळली. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीला शोदान म्हणतात आणि त्यातल्या 'शो'चा अर्थ सुरुवात. आपल्याकडे ब्लॅक बेल्ट म्हणजे सगळं आलं असं समजतात, मूळ शब्दच उलटं सांगतो.

कुस्तीत पट्टा नाही, हे मला फार आवडतं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तिकडे पाठवायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले होते. पदक घेऊन परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवून ते पैसे फेडले. नव्या मुलांना मी कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाची ही गोष्ट सांगतोच.

ग्रेडिंगला घाई करू नका. सर म्हणतील तेव्हा बसा. नापास झालात तर कारण विचारा, वाद घालू नका. पट्टा बांधून लोकलमधून जाऊ नका, फोटो टाकायचाच असेल तर जोडीदाराबरोबरचा टाका.

१०. रस्त्यावर आणि लोकलमध्ये

सहा महिने झाले की अंगात रग येते. कुणी धक्का दिला की हात शिवशिवतात. हा काळ सगळ्यात धोक्याचा, कारण तुम्हाला फेकता येतं आणि थांबता येत नाही.

घाटकोपरला संध्याकाळच्या गर्दीत मी सरांबरोबर चढत होतो. एका माणसाने त्यांची कॉलर धरली, पाय दिला म्हणून. सर साठीचे. त्यांनी दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरले, 'माफ करा दादा, चुकलं' म्हणाले आणि अंग वळवून पुढे सरकले. कॉलर सुटली. मी चिडलो होतो. विक्रोळीला उतरल्यावर त्यांनी खालच्या लाद्यांवर चप्पल आपटून दाखवली. 'इथे मॅट आहे का? तो डोक्यावर पडला असता तर मेला असता. आणि त्याला पडता येत नाही, हे तुला माहितेय.'

ऑफिसातली ती कॉलर मला तेव्हा आठवली. मीही गप्प उभा राहिलो होतो, सरही भांडले नव्हते, पण त्यांच्या हातांना काय करायचं ते ठाऊक होतं आणि चेहऱ्यावर भीती नव्हती.

कायदाही हेच बघतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. हक्क आहे, पण कलम ३७ सांगतं की बचावाला लागते त्याहून जास्त इजा करता येत नाही. पडलेल्या माणसाला आणखी दोन लाथा घातल्या तर तो बचाव राहत नाही.

करायचं ते असं : अंतर वाढवा, तळवे उघडे ठेवा, आवाज खाली ठेवा, निघायची वाट शोधा. कुणाच्या जिवावर बेतत असेल तर मोठ्याने ओरडून लोक गोळा करा. ११२ लावा, रेल्वेत असाल तर १३९. पाकीट मागणाऱ्याच्या हातात चाकू असेल तर पाकीट द्या.

११. पावसाळा आणि त्वचा

मुंबईच्या पावसात जाड ड्रेस तीन दिवस वाळत नाही. ओला किंवा वापरून न धुतलेला ड्रेस घालून येऊ नका. गजकर्ण एकाला झालं की आठवड्यात सहा जणांना होतं. शक्य असेल तर दोन ड्रेस ठेवा, घरी पोहोचल्यावर लगेच धुवायला टाका, पंख्याखाली वाळवा. घरी गेल्यावर साबणाने अंघोळ, झोपायच्या आधीच. त्वचेवर गोल लालसर चट्टा दिसला तर क्लास बंद आणि त्वचारोगतज्ज्ञ. लपवून खेळणारा माणूस कितीही चांगला लढवय्या असो, तो बाकीच्यांचा विचार करत नाही.

१२. मुलाला घालायचं असेल तर

'याला जरा कडक करा,' असं म्हणून बाबा लोक सात वर्षांच्या मुलाला आणून सोडतात. मुलासमोर असं म्हणू नका. त्याला आधीच कळलेलं असतं की आपण कमी पडतोय. क्लास सुटल्यावर 'किती जणांना पाडलंस?' असं विचारण्यापेक्षा 'आज कुणाबरोबर खेळलास?' असं विचारा.

१३. तुमच्यानंतर कुणी आलं की

वर्षभराने तुम्ही दारात एखाद्या नव्या माणसाला पाहाल. हातात पिशवी, चपला कुठे काढायच्या कळत नाही, कुणाला विचारावं तेही कळत नाही. तुम्ही पुढे व्हा. बाथरूम कुठे ते दाखवा, पट्ट्याची गाठ बांधून द्या आणि सोडवून त्याच्याकडून बांधून घ्या. पहिल्या जोडीत तुम्हीच त्याच्यासाठी पडा, पाच-दहा वेळा, नीट थाप मारून, म्हणजे त्याला आवाज ऐकून समजतं कसं पडायचं.

दादांचा खांदा बरा व्हायला चार महिने लागले. परत आले त्या दिवशी सरांनी पहिली जोडी आमचीच लावली. मी वाकून नमस्कार केला, त्यांनीही केला. मग पूर्ण वेळ त्यांनी मला फेकलं, त्याच डावाने, खांद्यावरून. सुरुवातीला डावा हात थोडा कचरत होता, नंतर मोकळा झाला. मी पडत होतो, उठत होतो, परत उभा राहत होतो. दर वेळी, शेवटच्या क्षणी, त्यांनी माझी बाही वर धरली.